बीपीच्या मुळीने नाक का चोंदतं?

गेल्या उन्हाळ्यात चोपडा तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा जिभाऊ ओट्यासमोर निंबाच्या सावलीत खाट टाकून पडले होते. जिभाऊ म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. केळीचे बागायतदार, आणि भरदिवसा आडवं होणं कमीपणाचं मानणारा माणूस. काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाले, "काही नही भो. उठनू का डोयाम्होरे अंधारी येस. आनि नाक बंद. सर्दी नही, पडसं नही, तरी नाक बंद."

बाहेर ४४ अंशांचं ऊन होतं. अशा उन्हात सत्तरीतल्या माणसाला अंधारी आली, तर खानदेशात कुणी दुसरं कारण शोधत नाही. मीही कांद्याचा रस, मीठ-साखरेचं पाणी वगैरे सांगून मोकळा झालो असतो. पण नाकापाशी अडलो. मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो, आणि "सर्दी नाही पण नाक चोंदलंय" हे वाक्य ऐकलं की आम्हा लोकांना आधी औषधांचा डबा बघावासा वाटतो.

डब्यात डॉक्टरांनी दिलेली बीपीची ॲम्लोडिपिन ही गोळी होती. ती चार वर्षांपासून चालू होती, तिच्यावर संशय नव्हता. तिच्या खाली वर्तमानपत्राच्या कागदात एक पुडी होती, भुरकट पिवळी पूड, जिभेला लावली तर कडूजहर. आठवडे बाजारात जडीबुटी घेऊन बसणाऱ्याकडून महिन्यापूर्वी आणलेली. "बीपीनी मुळी शे. आठ दिनमा बीपी खाले येस म्हने तो." आठ दिवसांत नाही, पण पंधरा दिवसांत बीपी खरंच खाली आलं होतं. जरा जास्तच खाली.

पुडीत काय होतं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. बाजारातल्या पुडीला लेबल नसतं, आणि या मुळीत भेसळही भरपूर चालते. पण कडू चव, हळूहळू उतरलेला रक्तदाब, उठताना अंधारी आणि कोरडं चोंदलेलं नाक, एवढं जुळलं की औषधशास्त्राच्या माणसाच्या तोंडून एकच नाव निघतं: सर्पगंधा.

सर्पगंधा हे गुडघ्या-मांडीएवढं झुडूप. एका पेरावर साधारण तीन-तीन पानं, लालसर देठांची पांढरी-गुलाबी फुलं, पिकल्यावर काळी-जांभळी होणारी फळं. औषध असतं ते मुळात. बिहारकडे या मुळाला सरळ 'पागल की दवा' म्हणत, कारण उसळलेल्या माणसाला ते शांत करी. शास्त्रीय नावातला रावोल्फिया हा शब्द लेओनहार्ड राउवोल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्याच्या सन्मानार्थ आला.

आधुनिक विज्ञानात या मुळीची गोष्ट बरीचशी आपल्याच लोकांनी लिहिली, आणि ती शाळेत शिकवत नाहीत याचं मला कायम वाईट वाटतं. १९३१ साली दिल्लीत सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळातून एक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीतलं तीव्र गुणाचं द्रव्य, वेगळं काढलं आणि दिल्लीचे युनानी वैद्य हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलीन हे नाव दिलं. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर लागू पडते, असं छापून सांगितलं. पण जगाने ऐकलं ते मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचं. त्यांनी १९४९ मध्ये रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा आपला अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. तीन वर्षांनी, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळातलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. तेच रेसरपिन. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतला वैद्यकासाठीचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. रेसरपिन रक्तवाहिन्यांमध्ये जाऊन करतं काय? याचं उत्तर मला तरी औषधशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर उत्तरांपैकी एक वाटतं. रक्तदाब कमी करणारी पुष्कळ औषधं रक्तवाहिनीतल्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवर रासायनिक निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला, जाऊन चिकटतात. रेसरपिन त्या रिसेप्टरला बोटही लावत नाही. तरीही काही दिवसांनी त्या रिसेप्टरचं वागणं पार बदललेलं असतं.

हे जिभाऊंना समजावताना मी त्यांच्या ठिबकपासून सुरुवात केली. केळीच्या बागेत मोटर, मग मेन लाइन, सबमेन, आणि शेवटी बारीक नळ्या. मोटर तीच, पाणी तेवढंच, पण चार व्हॉल्व्ह आवळले की मीटरचा काटा लगेच वर जातो. शरीरात मोटरच्या जागी हृदय आहे आणि व्हॉल्व्हच्या जागी बारीक धमन्या. त्यांच्या भिंतीत आडव्या कड्यांसारखे अनैच्छिक स्नायू असतात. ते आवळले की नळी अरुंद होते आणि मागचा दाब चढतो. किती चढतो, याचं गणित डोळे उघडणारं आहे. नळीतून वाहणारा प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाने प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. नुसती दहा टक्के आवळली तरी प्रवाह एक तृतीयांशाने घटतो. म्हणून शरीर दाब सांभाळायला हृदयापेक्षा या बारीक व्हॉल्व्हशी जास्त खेळतं.

व्हॉल्व्ह फिरवायचा हुकूम देते ती सिम्पथेटिक चेतासंस्था, म्हणजे आपल्या नकळत काम करणारं नसांचं जाळं. तिचे तंतू धमन्यांच्या बाहेरच्या अंगाने जाळ्यासारखे पसरलेले असतात. तंतूच्या टोकांना मण्यांच्या माळेसारखे फुगवटे असतात आणि प्रत्येक फुगवट्यात नॉरॲड्रेनलीन या रासायनिक निरोप्याने भरलेल्या सूक्ष्म थैल्या. वरून विजेचा झटका आला की थैल्या फुटून नॉरॲड्रेनलीन स्नायूवर सांडतं. (हाच तो निरोप्या, हे स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ मध्ये दाखवलं. १९७० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.) स्नायूच्या पेशीवर हा निरोप ऐकणारे कान असतात. त्यांनाच रिसेप्टर म्हणायचं.

धमनीच्या स्नायूवरचा सगळ्यात महत्त्वाचा कान म्हणजे अल्फा-१. नॉरॲड्रेनलीन त्याच्यावर बसलं की पेशीच्या आत एक साखळी सुरू होते, साठवलेलं कॅल्शियम बाहेर पडतं आणि स्नायू आवळतो. दुसरा एक कान आहे बीटा-२, तो ॲड्रेनलीनला जास्त दाद देतो आणि त्याच्यामुळे स्नायू सैल पडतो. एकाच घरात आवळणारा आणि सोडणारा असे दोन कान असतात, ही कल्पना रेमंड अलक्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडली. तेव्हा त्यांचा लेख एका मोठ्या नियतकालिकाने परत पाठवला होता! जिभाऊंची ॲम्लोडिपिन या कानांच्या वाटेला जातच नाही. ती पेशीच्या भिंतीतली कॅल्शियमची दारं अर्धी लोटते. हुकूम ऐकू आला तरी स्नायूला जोर कमी पडतो.

मग रेसरपिन कुठे काम करतं? थैल्यांच्या तोंडाशी. रिकाम्या थैलीत नॉरॲड्रेनलीन भरणारा एक प्रथिनाचा पंप असतो, त्याला व्हीमॅट म्हणतात. कापसाच्या गोदामात गाठी आत नेणारा हमाल समजा. थैलीच्या आत हायड्रोजनचे आयन दाटलेले असतात. त्यातले दोन बाहेर सोडले की त्या जोरावर नॉरॲड्रेनलीनचा एक रेणू आत ढकलता येतो, असा हमालाचा हिशेब. रेसरपिन या हमालाला मिठी मारतं, आणि ती जवळजवळ सुटत नाही. माल गोदामाबाहेर पडून राहतो. पेशीच्या अंगणात मोनोॲमाइन ऑक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) असतं. ते उघड्यावरचं नॉरॲड्रेनलीन तोडून टाकतं. प्रयोगातल्या जनावराला मोठा डोस टोचला तर दिवसभरात साठा तळाला जातो. गोळीच्या बारीक डोसाने हेच हळूहळू होतं, पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे लागतात.

मेंदू वरून हुकूम सोडतच असतो. तंतूत वीजही खेळते. पण टोकाला थैल्या रिकाम्या. व्हॉल्व्ह सैल पडतात, दाब उतरतो.

इथवरची गोष्ट 'साठा संपला, दाब कमी झाला' अशी सरळ आहे. गंमत पुढे आहे, आणि ती समजावून सांगायला मला जिभाऊंचा सालदार कामाला आला. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी. खानदेशात त्याचं साल आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) आखाजीपर्यंत. जिभाऊंकडचा सालदार गेली नऊ सालं तोच आहे. जिभाऊंचा आवाज दोन शेतं पलीकडे जाणारा. ते शेडमधून दिवसभर ओरडतात, "दोन नंबर सोड, चार नंबर बंद कर." सालदाराला त्या आरडाओरड्याची इतकी सवय झालीय की निम्म्या हाका तो कानाआड टाकतो. आता समजा, जिभाऊंचा घसा बसला. पंधरा दिवस एक हाक नाही. सालदार काय करेल? पहिले दोन दिवस बिडी ओढेल. मग अस्वस्थ होईल. हुकूम चुकला की काय म्हणून कान टवकारून बसेल. आणि अशात कुणी बांधावरून नुसतं खाकरलं, तरी धावत जाऊन व्हॉल्व्ह गच्च आवळून टाकेल.

रक्तवाहिनीचा स्नायू नेमका असाच वागतो. रेसरपिन देऊन साठा रिकामा केलेल्या जनावराला बाहेरून थोडंसं नॉरॲड्रेनलीन टोचलं, तर त्याचा रक्तदाब साध्या जनावरापेक्षा जास्त चढतो. हुकूम बंद पडल्यामुळे स्नायू अतिसंवेदनशील झालेला असतो. ज्या अवयवाची नस तोडली तो अवयव पुढे निरोप्याला जास्तच जोरात प्रतिसाद देतो, हा नियम वॉल्टर कॅनन यांनी आधीच मांडून ठेवला होता. रेसरपिन नस तोडत नाही, फक्त मुकी करतं. आणि तेवढं स्नायूला पुरतं.

इथे एक चूक विद्यार्थी दरवर्षी करतात. "सर, म्हणजे रिसेप्टरांची संख्या वाढली." काही ऊतींत तसं घडतं, पण अनैच्छिक स्नायूच्या बाबतीत गोष्ट बऱ्याचदा निराळी निघते. रेसरपिननंतर स्नायू नुसत्या नॉरॲड्रेनलीनला नाही, ज्यांचा अल्फा-१ शी काही संबंध नाही अशा पोटॅशियमसारख्या गोष्टींनाही जास्त प्रतिसाद देतो, असं पुष्कळ प्रयोगांत दिसलं. फक्त कान मोठे झाले असते, तर एकाच आवाजाला प्रतिसाद वाढला असता. इथे अख्खा माणूसच ताठ बसलाय. पेशीच्या भिंतीवरचा विजेचा दाब थोडा ढिला पडलेला असतो, कॅल्शियमची हाताळणी बदललेली असते, त्यामुळे आवळायला निमित्त कमी पुरतं. म्हणून 'रिसेप्टरचा प्रतिसाद वाढला' आणि 'रिसेप्टर वाढले' ही दोन वाक्यं परीक्षेत वेगवेगळी लिहावीत. मी मार्क कापतो.

प्रयोगशाळेत हे दाखवायची जुनी पद्धत बघण्यासारखी असते. सशाच्या किंवा उंदराच्या महाधमनीची एक पट्टी कापून काचेच्या नळकांड्यात टांगतात. आत ३७ अंशांचं क्षारपाणी आणि त्यातून ऑक्सिजनचे बुडबुडे. पट्टीचं वरचं टोक एका काट्याला बांधलेलं. पाण्यात औषधाचा थेंब टाकला की पट्टी आवळते आणि कागदावर रेघ चढते. मात्रा वाढवत गेलं की इंग्रजी 'एस'सारखी कललेली वक्ररेषा मिळते. रेसरपिन दिलेल्या प्राण्याची पट्टी लावली की ती रेषा डावीकडे सरकते, म्हणजे तेवढ्याच आवळण्याला कमी औषध पुरतं. आता कॉलेजांत हे बहुतेक संगणकावर दाखवतात. जनावरं वाचतात हे बरंच झालं, पण काटा हलताना पाहिलेल्या आमच्या पिढीला पडद्यावरची रेघ थोडी अळणी लागते.

१९५८ मध्ये ऑक्सफर्डच्या जे. एच. बर्न आणि एम. जे. रँड यांनी या मुळीच्या मदतीने एक जुनं कोडं सोडवलं. रक्तदाब चढवणारी औषधं तेव्हा भरपूर माहीत होती: ॲड्रेनलीन, नॉरॲड्रेनलीन, एफेड्रिन, टायरामिन. रचना मिळतीजुळती, परिणामही सारखा, म्हणून सगळी एकाच रिसेप्टरवर बसत असणार असं धरलं जाई. रेसरपिन दिलेल्या प्राण्यांत मात्र जथ्था फुटला. नॉरॲड्रेनलीनने दाब आणखी जोरात चढला, आणि टायरामिनने जवळजवळ काहीच झालं नाही. रिसेप्टर जागेवर होते, उलट स्नायू टवकारून बसलेले. मग टायरामिन का हरलं? कारण टायरामिनला स्वतःचा आवाज फारसा नाहीच. ते तंतूच्या टोकात शिरतं आणि थैल्यांतला साठा बाहेर ढकलतं. व्हॉल्व्ह फिरतो तो त्या साठ्यामुळे. रेसरपिनने गोदाम आधीच रिकामं केलेलं असल्यावर ढकलायचं काय? तेव्हापासून या औषधांच्या थेट आणि आडून काम करणारी अशा दोन जाती पडल्या. एफेड्रिन दोन्हीकडे थोडं थोडं पाय ठेवून असतं.

हा निव्वळ पुस्तकी भेद नव्हता. रेसरपिन घेणारा रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असताना त्याचा दाब कोसळला आणि भूलतज्ज्ञाने नेहमीचं एफेड्रिन टोचलं, तर हवा तेवढा परिणाम होत नसे. आणि थेट काम करणारं औषध नेहमीच्या मात्रेत दिलं तर दाब वाजवीपेक्षा जास्त चढायची भीती. पुडीचं नाव डॉक्टरांना आधी सांगा, असं मी गावात घसा कोरडा करून सांगतो ते यासाठी.

जाता जाता एक जळगावी गोष्ट. ज्या वर्षी बर्न आणि रँड यांचं काम छापून आलं त्याच १९५८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात केळ्यात सेरोटोनिन (हाही एक रासायनिक निरोप्या) आणि नॉरॲड्रेनलीन सापडल्याचं प्रसिद्ध झालं. गरापेक्षा सालीत जास्त. हे ऐकून जिभाऊ खाटेवर उठून बसले, "म्हंजे आपली केळी बीपी चढावस?" चढवत नाही. तोंडावाटे आलेलं नॉरॲड्रेनलीन आतड्यात आणि यकृतातच मोडलं जातं. मोडणारी विकरं पुष्कळ, आणि त्यांच्यात मघाचं मोनोॲमाइन ऑक्सिडेजही असतंच. शेतकऱ्याची इभ्रत राहिली.

आता नाक. नाकाच्या आतल्या अस्तराखाली शिरांचे पोकळ कप्पे असतात, स्पंजासारखे. अल्फा रिसेप्टरांवर सतत येणाऱ्या हलक्या हुकुमामुळे ते आवळलेले राहतात आणि हवेला वाट मिळते. हुकूम थांबला की स्पंज रक्ताने फुगतो आणि नाक बंद. ना शेंबूड, ना शिंक, ना ताप. रेसरपिनच्या सर्वांत नेहमीच्या तक्रारींत हे चोंदलेलं नाक येतं. बीपीच्या मीटरवर जे चांगलं दिसतं, तेच नाकात त्रास देतं, कारण दोन्हीकडे हुकूम देणारी यंत्रणा एकच. नाक मोकळं करायला मेडिकलमध्ये मिळणारे थेंब, झायलोमेटाझोलीन वगैरे, हे बाहेरून थेट अल्फा रिसेप्टरवर बसणारे. टवकारलेल्या स्नायूला ते चांगलेच ऐकू जातात. सर्दीच्या ज्या गोळ्या साठा ढकलून काम करतात, त्या इथे लंगड्या पडतात. जिभाऊंनी मेडिकलमधून आणलेली एक सर्दीची गोळी तीन दिवस घेऊन पाहिली होती, "काहीच फरक नही." त्या गोळीत काय होतं ते पाकीट फेकून दिल्यामुळे कळलं नाही, नाहीतर वर्गात सांगायला नामी उदाहरण झालं असतं.

अंधारीचंही तसंच. आपण उठून उभे राहिलो की रक्त पायांकडे उतरतं. मानेतले दाबमापक लगेच ओळखतात, सिम्पथेटिक तंतू पायाच्या आणि पोटाच्या वाहिन्या आवळतात, आणि दोन क्षणांत दाब सावरतो. रेसरपिनवर असलेल्याचं हे सावरणं मंद पडतं. त्यात खानदेशचा मे महिना: उष्णता बाहेर टाकायला कातडीतल्या वाहिन्या आधीच सताड उघडलेल्या, घामावाटे पाणी आणि मीठ गेलेलं. त्यात ॲम्लोडिपिनने कॅल्शियमची दारं लोटलेली. तीन बाजूंनी व्हॉल्व्ह ढिले आणि माणूस म्हणतो, उठनू का अंधारी.

शिवाय सबंध मुळी म्हणजे निव्वळ रेसरपिन नव्हे, हे बाजारातला माणूस सांगत नाही. त्यात अनेक अल्कलॉइडं असतात. अजमलिसिन अल्फा-१ कानात सरळ बोळा घालतं. अजमलीन हृदयाच्या पेशीतल्या सोडियमच्या वाटा अडवतं. हृदयाचा एक दुर्मीळ विजेचा दोष उघडकीला आणण्यासाठी आजही काही ठिकाणी ते तपासणीत टोचतात, तेही सगळी तयारी जवळ ठेवून. आणि रेसरपिनची गोळी असते ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅमची. एका ग्रॅममध्ये पाव मिलिग्रॅमच्या ४,००० गोळ्या होतात. चमचाभर पुडीत त्यातलं किती गेलं, हे विकणाऱ्याला ठाऊक नसतं आणि खाणाऱ्यालाही. जमीन, झाडाचं वय, खोदायचा महिना, सगळ्यानुसार ते बदलतं.

मग शुद्ध केलेलं रेसरपिन वाईट का? मुळीच नाही, आणि इथे मी त्याची बाजू घेईन. १९६७ मध्ये अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतला एक अभ्यास छापून आला. त्यात खूप चढलेल्या रक्तदाबाचे १४३ पुरुष होते. उपचार म्हणून लघवी वाढवणारं औषध, रेसरपिन आणि हायड्रॅलाझीन यांचं मिश्रण दिलं होतं. रक्तदाब उतरवला तर पक्षाघातासारखे घाले खरोखर टळतात, याचा पहिला पक्का पुरावा तिथून आला. मुळीतून निघालेल्या औषधाचा तो मान आहे. पुढे ते मागे पडलं त्याला कारणंही खरी होती. व्हीमॅट मेंदूतही असतो, तिथे सेरोटोनिन आणि डोपामिन या निरोप्यांचे साठेही रिकामे होतात. मोठ्या मात्रेवर काही रुग्ण खिन्न होत, सुस्तावत. उदासीनतेचा आजार आणि मेंदूतली ही द्रव्यं यांचा संबंध शोधायला लोक लागले त्यात या निरीक्षणाचा मोठा वाटा. आर्विद कार्लसन यांनी तर रेसरपिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा (शरीरात ज्याचं डोपामिन बनतं ते द्रव्य) देऊन उठवलं, आणि पार्किन्सनच्या उपचाराची वाट तिथून निघाली. १९७४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी संबंध असल्याची आवई उठली, पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही, पण बदनामी व्हायची ती झाली. तोवर नव्या गोळ्या आल्या होत्या आणि जुन्याची बाजू लढायला कुणाला फायदा नव्हता. त्याच हमालाला पण जरा सैल धरणारं टेट्राबेनाझीन मात्र हातापायांच्या अनावर हालचालींवर आजही वापरात आहे.

आणि मुळी? आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या दुर्मीळ प्राणी-वनस्पतींसाठीच्या कराराचं नियंत्रण लागावं इतकी ती जंगलात विरळ झाली. मूळ काढायचं म्हणजे झाड उपटायचं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी पुडी बंद केली, गोळी चालू ठेवली आणि रोज बसून-उभं राहून बीपी मोजायला सांगितलं. जिभाऊंचा प्रश्न एकच होता, "नाक कव्हय उघडी?" लगेच उघडणार नव्हतं. रेसरपिनची मिठी सुटण्याची वाट बघून उपयोग नसतो. रक्तातून औषध निघून गेलं तरी जखडलेले हमाल जखडलेलेच राहतात. नव्या थैल्या, नव्या हमालांसकट, मणक्याजवळच्या आणि मानेतल्या चेतापेशींच्या गड्ड्यांत तयार व्हाव्या लागतात आणि तंतूतून टोकापर्यंत चालत याव्या लागतात. या सगळ्याला दिवस, कधी आठवडे जातात. तोवर स्नायूही टवकारलेलाच असतो. नव्या मालाचा पहिला निरोप त्याला मोठ्याने ऐकू जातो आणि मग हळूहळू तो पुन्हा नेहमीसारखा कानाआड टाकायला शिकतो.

सतराव्या दिवशी काकूंचा फोन आला. घरात वर्षाची मिरची कुटायला काढली होती, देठं खुडणं चालू होतं, आणि ओट्यावर बसलेले जिभाऊ धडाधड सात शिंका देऊन काकूंवर ओरडले होते. मिरचीने शिंक येते ती वेगळ्याच रिसेप्टरमुळे, पण ठसका नाकात शिरला म्हणजे वाट मोकळी झाली होती.